शेपटीवाली क्रियापदे

प्रिय नलिनी,

ऑकलंडच्या मराठी मंडळाच्या वार्षिक अंकात आपल्या मंदारने तुझ्यावर लेख लिहिला आहे. लेख दोन पानांचा असून त्यात, छायाचित्राखालची ओळ धरून, अकरा चुका आहेत. शुद्धलेखनाच्या चुका मी मोजलेल्या नाहीत. त्या मुद्रितशोधकाच्या नावावर जातात. ह्या अकरा वस्तुस्थितीच्या आहेत. मी त्या क्रमवार लिहून शुद्धिपत्र म्हणून संपादिकेकडे धाडल्या. पापाकुऱ्याला राहणारी ती सज्जन मुलगी मला फोनवर म्हणाली, "काका, लेख वाचून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. राहू द्या ना आता." डोळ्यांत पाणी आल्याने मजकूर बरोबर ठरतो काय?

मंदारला विचारले, तर तो म्हणाला, "बाबा, ती श्रद्धांजली आहे, अॅफिडेव्हिट नाही."

तेव्हा आता तुलाच लिहितो. माझी पत्रे शेवटपर्यंत वाचणारी तूच एक होतीस. शिवाय त्या अकरा चुकांपैकी सर्वांत मोठी चूक मंदारची नाही. ती त्याला मी सांगितलेली आहे, आणि ती चूक आहे हे मला गेल्या महिन्यातच कळले.

पण क्रमाने जाऊ.

लेखातले पहिलेच वाक्य असे आहे: "आई-बाबा हातात हात घालून मनुरेव्याच्या इंग्रजीच्या वर्गाला जात." आपण हातात हात कधी घातले, नलिनी? वाईच्या घाटावर नाहीत, इथेही नाहीत. मी पुढे चालत असे आणि तू चिवड्याचा डबा घेऊन दहा पावले मागून येत असायचीस. फूटपाथ चांगला रुंद होता. केवळ सवय.

पुढचे वाक्य: "स्वतः इंग्रजीचे निवृत्त शिक्षक असलेले बाबा केवळ आईला सोबत म्हणून वर्गात बसत." हे वाचून मला बरे वाटले, परंतु हेही असत्य आहे. चौतीस वर्षे इंग्रजी शिकवलेल्या मला वर्गात घातले ते त्या गरम पाण्याची टाकी दुरुस्त करणाऱ्याने. दारात उभा राहून तो म्हणाला, "आय'ल पॉप इन टुमॉरो अँड सॉर्ट इट आउट. इफ इट प्लेज अप, जस्ट टर्न इट ऑफ." ह्यातला एकही शब्द मला अपरिचित नव्हता. तरीही अर्थ लागेना. मी त्याला अत्यंत शुद्ध इंग्रजीत विनंती केली की आपण आपल्या वक्तव्याची पुनरुक्ती करावी. त्याने माझ्याकडे पाहिले, मग तुझ्याकडे पाहिले. तू मान डोलावून "स्वीट अॅज", म्हणजे इथल्या बोलीत 'छान, चालेल', म्हणालीस आणि तो समाधानाने निघून गेला.

"तुला काय समजले?" मी विचारले.

"उद्या येतो म्हणाला. तोवर टाकीनं त्रास दिला तर बटण बंद करा."

"हे तुला कोणत्या शब्दावरून कळले?"

"शब्दावरून कशाला? हातवाऱ्यांवरून."

त्या रात्री जेवताना मी क्रियापदेच मोजत होतो, हे तुला आठवत असेल. जी क्रियापदे मी आयुष्यभर आदराने शिकवली, टॉलरेट, पोस्टपोन, एक्स्टिंग्विश, ती ह्या देशात कोणी वापरतच नाही. पुढे ढकलायचे तर 'पुट ऑफ'. विझवायचे तर 'पुट आउट'. सहन करायचे तर 'पुट अप विथ'. ठेवणे, वर, सह. ह्या तिघांत सोसणारा कोण? साधे, घरगुती क्रियापद घ्यायचे, त्याला मागून एखादी शेपटी लावायची, आणि अर्थ कुठल्या कुठे नेऊन सोडायचा.

मी दोनशे पानी वही आणून त्यांचे गण पाडले: अप-गण, ऑफ-गण, आउट-गण. मग माझ्या लक्षात आले की संस्कृतात हेच घडते. एकाच हृ धातूला उपसर्ग लावून आहार होतो, विहार होतो, संहार होतो. हा शोध मी तुला मोठ्या उत्साहाने सांगितला, तेव्हा तू कणीक मळत होतीस.

"म्हणजे आपल्याकडे नाकाला लावतात आणि ह्यांच्याकडे शेपटीला," तू म्हणालीस. "एवढंच ना?"

एवढेच होते. पण माझी चार पाने त्यावर झाली होती.

मंदार पुढे लिहितो की सहा महिन्यांनंतर बाबांनी "आईला मोकळेपणा मिळावा म्हणून" वर्ग सोडला. मी वर्ग सोडलेला नाही; मला वर्गातून काढले. आणि ते सहा महिन्यांनी नव्हे, तिसऱ्या मंगळवारी. आपल्या शिक्षिका, शॅरनबाई, माणसे मोजताना 'फ्यूअर'ऐवजी 'लेस' हा शब्द वापरत असत. पहिल्या मंगळवारी मी ते दोनदा निदर्शनास आणले, दुसऱ्या मंगळवारी चारदा. तिसऱ्या मंगळवारी त्यांनी मला चहाच्या वेळी बाजूला घेतले. तुमच्याकडे देण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणाल्या, ह्या वर्गाला ते जरा जास्त होईल. त्यापेक्षा तुम्ही खुर्च्या मांडायला मदत कराल का? मी नम्रपणे नकार दिला. घरी येताना तू पुढे चालत होतीस, हे मी तेव्हाच टिपले होते.

तू मात्र जात राहिलीस, आणि तुला सीना मिळाली.

शॅरनबाईंची पद्धत अशी की वर्गात फोनच्या जोड्या लावायच्या. प्रत्येक जोडीने रोज ठरलेल्या वेळी एकमेकींना फोन करायचा आणि कालचा दिवस तीन शेपटीवाल्या क्रियापदांत सांगायचा. तुझी जोडी सीनाशी लागली. समोआहून लेकीची मुले सांभाळायला आलेली, तुझ्याच वयाची, तुझ्याहून दुप्पट रुंद आणि तुझ्याइतकीच बोलकी. रोज दहा वाजता फोन. तू स्वयंपाकघरात उभी राहून तिला सांगायचीस की दूध रन आउट झाले, सून लवकर गेट अप झाली आणि डेअरीवाला अजून टर्न अप झालेला नाही. मी बाहेरच्या खोलीतून दुरुस्त्या सांगत असे. तू फोनवर हात ठेवून म्हणायचीस, "अहो, तिला कळतंय."

आता त्या कार्डाचे सांगतो.

सीनाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. तू तिच्यासाठी फुलांचे चित्र असलेले कार्ड आणून त्यात स्वतः, कोणाला न विचारता, पाच ओळी लिहिल्यास आणि मला दाखवायला आणलेस. केवळ दाखवायला. हे मला आता कळते. तेव्हा माझ्या हाताशी लाल पेन होते. माझ्या हाताशी लाल पेन नेहमीच असते. मी चुकीच्या शेपट्यांभोवती गोल केले, वर योग्य शेपट्या लिहिल्या आणि चौतीस वर्षांच्या सवयीने खाली मराठीत शेरा मारला: "४/१०. अव्ययांकडे लक्ष द्यावे. पुन्हा लिहिणे." खाली सही आणि दिनांक.

कार्ड उचललेस आणि आत गेलीस. तू दुसरे कार्ड आणून पुन्हा लिहिशील अशी माझी अपेक्षा होती. काही दिवसांनी विचारले, "कार्डाचे काय झाले?" "गेलं," म्हणालीस. मी समजलो, फाडले.

त्या दिवसापासून तू घरात इंग्रजीचा एक शब्द उच्चारला नाहीस. फोन बंद झाले. इंग्रजीचे काय झाले विचारले, तर म्हणालीस, "झालं शिकून." मंगळवारी निघायचीस ती भाजी आणायला जाते असे सांगून. मी मंदारला सांगितले, तुझ्या आईने इंग्रजी सोडले, चिकाटी नाही. त्याने लेखात ते वाक्य जरा गोड करून घातले आहे: "शेवटच्या वर्षी आईने इंग्रजीचा नाद सोडला आणि ती नातवंडांत रमली."

आठ महिन्यांपूर्वी तू गेलीस. त्याविषयी मंदारने जे लिहिले आहे ते सर्व बरोबर आहे.

गेल्या महिन्यात एका सोमवारी बरोबर दहा वाजता फोन वाजला. "मिस्टर नलिनी?" पलीकडून आवाज आला. मी माझे पूर्ण नाव सांगितले. त्याचा काही उपयोग झाला नाही. आजही मी मिस्टर नलिनीच आहे. सीना म्हणाली की तिने तीन वेगवेगळ्या जोड्या करून पाहिल्या, पण कोणाशी जमेना. "आय रन आउट ऑफ पीपल," ती म्हणाली. "सो आय ट्राय यू."

मी म्हणालो, "तुमची आणि नलिनीची फोनची जोडी मोडून तर दीड वर्ष झाले."

"मोडून?" ती म्हणाली. "ती रोज बोलायची. गॅरेजमधून. शेवटच्या सकाळीसुद्धा."

गॅरेजमधून. नलिनी, रोज दहा वाजता तू कपडे वाळत घालायला गॅरेजमध्ये जायचीस. चार कपड्यांना वीस मिनिटे लागायची, आणि मी ते संधिवाताच्या खाती मांडले होते. तू मला सांगितले का नाहीस? हा प्रश्न मी लिहिला खरा. उत्तर माझ्या खिशालाच लावलेले आहे, लाल टोपणाचे.

मग सीना रोज फोन करू लागली, आणि तिच्या मोडक्या इंग्रजीतून मला एक बाई कळू लागली जिच्याशी माझा सत्तेचाळीस वर्षे संसार झाला होता. तुला पोहायला शिकायचे होते, हे मला ठाऊक नव्हते. तू टॉग्ज, म्हणजे पोहण्याचे कपडे, विकत घेतले होतेस! जांभळे. ते सीनाच्या कपाटात ठेवले होतेस आणि दोघी मिळून तलावाच्या उथळ बाजूला दोनदा उतरला होतात. वाईत जिने कृष्णेत पायही सोडले नाहीत, तिने. माझ्या घोरण्याची तू नक्कल करायचीस, आणि ती इतकी हुबेहूब की सीनाने मला ती फोनवर करून दाखवली. "माय हजबंड, आय पुट अप विथ," असे तू माझ्याविषयी म्हणायचीस, असेही तिने सांगितले. मी वही काढून पाहिली. प्रयोग निर्दोष आहे.

सीना दर दिवशी थोडेथोडेच सांगे. तुमची इतक्या दिवसांची बोलणी तिच्याकडे साठलेली होती. मराठीतली नलिनी माझ्यापाशी होती. इंग्रजीतली सगळी तिच्यापाशी. मी सकाळी साडेनऊलाच दाढी उरकून फोनपाशी बसू लागलो.

आणि तरीही मी तिला दुरुस्त करत असे. प्रथम सौम्यपणे, मग सवयीने. ती हसून सोडून देई. बाराव्या दिवशी ती तुझ्या अंत्यविधीचे सांगत होती. त्या दिवशी ती मागच्या रांगेत उभी होती आणि तिला काही बोलता आले नाही, कारण तिथे सगळे मराठीत चालले होते. "व्हेन नलिनी पास आउट," ती म्हणाली, आणि मी मध्येच म्हणालो, "पास अवे. पास आउट म्हणजे मूर्च्छा येणे."

पलीकडून हुंदका ऐकू आला. ती रडत होती, हे तेव्हा माझ्या लक्षात आले. त्याआधी माझे सगळे लक्ष शेपटीकडे होते. मग फोन ठेवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी नाही. मी स्वतः करून पाहिला. तिने उचलला नाही. मंदार म्हणाला, "बाबा, सॉरी म्हणून मेसेज टाका." मी क्षमायाचनेचा तीन परिच्छेदांचा मसुदा केला. तो व्याकरणदृष्ट्या उत्तम होता. वाचून पाहिला आणि पाठवला नाही. त्यात तिच्यासाठी काहीच नव्हते. सगळे मीच लिहिले होते आणि मलाच आवडले होते.

तेव्हा आज मंगळवारी मी वर्गाला गेलो.

शॅरनबाई दारातच होत्या. "किओरा," असा इथला नमस्कार करून म्हणाल्या, "लुक हू'ज टर्न्ड अप." मी काही बोलण्याआधीच खुर्च्या मांडायला घेतल्या. सोळा मांडल्या. सीना आली, मला पाहून तिने मान फिरवली आणि खिडकीपाशी जाऊन बसली.

तिथे भिंतीवर एक फलक करायचे चालले होते. वर्गातून गेलेल्यांच्या, म्हणजे नोकरी लागून गेलेल्यांच्या आणि तशा गेलेल्यांच्याही, आठवणी त्यावर लावणार होते. सीनाने पिशवीतून काहीतरी काढून टेबलावर ठेवले. तुझे कार्ड, नलिनी. फुलांचे. त्यावरचे सगळे लाल गोल, सगळ्या लाल शेपट्या आणि खाली माझा शेरा. तू ते फाडले नव्हतेस. तसेच्या तसे पाठवले होतेस.

"हे माझ्या फ्रिजवर दीड वर्ष होते," सीना वर्गाला म्हणाली. "मधले नलिनीचे आहे. खालची लाल अक्षरे तिच्या नवऱ्याची आहेत. ती प्रार्थना आहे." मग प्रथमच माझ्याकडे पाहून म्हणाली, "आलाच आहेस तर वाच. मला ती कधी वाचता आली नाही. नलिनी म्हणाली होती, गुडघ्यासाठी आहे."

एवढ्या लोकांसमोर मी उभा राहिलो. वर्गात पंधराएक माणसे असतील. एखादी प्रार्थना रचून सांगणे मला कठीण नव्हते. डझनभर श्लोक मुखोद्गत आहेत. पण भाषांतर मागितल्यावर चुकीचे देणे मला आयुष्यात जमलेले नाही. मी वाचले आणि इंग्रजीत सांगितले: दहापैकी चार. अव्ययांकडे लक्ष द्यावे. पुन्हा लिहिणे.

मागून एक चिनी आजोबा हळूच म्हणाले, "फोर?"

"फोर," मी म्हणालो.

"टेन," सीना म्हणाली. "मी तिला दहा दिले असते. ती म्हणाली, तू लाल शाईत लिहिलेस कारण तुमच्यात लाल पवित्र असते. ती म्हणाली, तू माझ्या गुडघ्यासाठी सोमवारचा उपास धरलास." तिने कार्डाकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. "शी कव्हर्ड अप फॉर यू."

हा प्रयोगही निर्दोष होता, आणि ते माझ्या लक्षात यायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागला.

मला त्यावर काहीतरी बोलायचे होते. 'डिसअपॉइंट' हे क्रियापद जिभेवर आले होते. ते मी चौतीस वर्षे वापरले आहे. पण त्या खोलीत ते लांबून आणलेल्या पाहुण्यासारखे वाटले असते. मी म्हणालो, "आय लेट हर डाउन. अँड यू."

कोणी दुरुस्त केले नाही. माझ्या वहीत हे क्रियापद डाउन-गणात सातवे आहे; आजवर मी ते कधी तोंडाने उच्चारले नव्हते.

मी सीनाला विचारले, फोन पुन्हा सुरू होईल काय? मी कार्डावरचे गुणही बदलून देतो, म्हणालो, आणि खिशाला हात घातला.

"पेन आत ठेव," ती म्हणाली. "हात लावशील तर बघ." आणि कार्ड स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली. मग जरा वेळाने, खिडकीबाहेर पाहत: "आय विल थिंक इट ओव्हर."

मी घरी आलो. मंदारने विचारले, काय झाले? मी म्हणालो, विचार करून सांगते म्हणाली. "म्हणजे हो," तो म्हणाला. मी त्याला सांगितले की ह्या वाक्यातून असा अर्थ निघत नाही.

तेव्हा नलिनी, हे वचन. सीनाचा फोन आला, तर ती जे बोलेल ते मी ऐकेन. ती चुकली तर मनात दुरुस्त करणार नाही असे मी लिहीत नाही. ते माझ्याने पाळले जाणार नाही आणि खोटे वचन तुला देणार नाही. तोंडाने मात्र करणार नाही. चुकीची शेपटी असो, शेपटी नसो, काळ बदललेला असो. तुझे जे जे तिच्यापाशी आहे, ते तिच्या शब्दांत घेईन. आणि पेन ह्या पत्रापुरते निळे घेतले आहे. तुझ्याविषयीच्या एका गोष्टीत मी नापास झालो, हे नोंदवायला लाल शाईची गरज नाही.

तुझा,
दत्तात्रेय

मंदारच्या लेखातील दिनांकांची दुरुस्ती, संपादिकेने न छापलेली:

आपण ऑकलंडला उतरलो तो दिवस ९ फेब्रुवारी नव्हे, ११ फेब्रुवारी. नऊला आपण मुंबईहून निघालो होतो.

तुझा जन्म १ जूनचा नव्हे. ती तारीख शाळेत नाव घालताना गुरुजींनी सोयीने लिहिली. तू नागपंचमीची.

इंग्रजीचा वर्ग गुरुवारी नव्हे, मंगळवारी.

मी वर्गात होतो तो काळ सहा महिने नव्हे, तीन मंगळवार. आजचा धरून चार.

तू इंग्रजी सोडल्याचा दिनांक: असा दिनांक नाही. ही चूक माझी.

तू सीनाला केलेला शेवटचा फोन: गेलीस त्याच दिवशी, सकाळी दहा.

बुधवार. पत्र काल लिहून झाले होते. ही नोंद आजची. फोन दहा वाजता नव्हे, दहा वाजून सात मिनिटांनी आला. मी उशिराचा उल्लेख केला नाही.